अडकलेली पुंगळी

वेल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या नेमबाजीत सलग सहा वर्षं भिमा पहिला आणि सोमनाथ दुसरा. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या सोमनाथच्या पोटात भिमाच्या गळ्यातला हार बघून दरसाल दुखायचं. यंदा भिमाच रायफल घेऊन त्याच्या दारात आला.

"सोमा, बोल्ट मागं वढला तरी उडवलेल्या गोळीची रिकामी पुंगळी कधीमधी आतच अडकती. बघ की जरा."

सोमनाथनं झिजलेली स्प्रिंग काढली, पुसली आणि तीच परत बसवली.

"झाली बघ. आता बिनघोर मार."

स्पर्धेत सोमनाथनं आपल्या पाचही गोळ्या झकास मारल्या. मग भिमा उतरला आणि तिसऱ्याच गोळीला त्याची पुंगळी अडकली. सोमनाथला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. पण पंचांनी रायफल तपासली, भिमाला दुसरी दिली आणि पाचही गोळ्या नव्यानं मारायला सांगितल्या. नियमच होता तसा. सोमनाथची रायफल जन्मात कधी अडकली नव्हती, त्याला ठाऊक कुठलं!



सातवा कप काखोटीला मारून भिमा हसत आला, "पहिल्या दोन गोळ्या पार भाईर गेल्या व्हत्या, सोमा. पुंगळी अडकली नसती, तर आज कप तुजाच व्हता!"