गाळलेले ठोके

झिपारनं कीबोर्डची वायर तिसऱ्यांदा उपसली आणि मागच्या भोकात खोचली. फरक शून्य. ओसमोनबाबांचं बोट बटणावर थडथडत होतं आणि पडद्यावर मात्र मिनिटाला चारदोन अक्षरं उमटत होती.

"एजे, सोड ना आता," बाबांचा मुलगा मेलिस म्हणाला. त्याच्याहून मोठी, म्हणून तो तिला एजे म्हणायचा. "गाडी येईलच एवढ्यात. डॉक्टर स्पष्ट सांगून गेलाय, बाबांच्या आत कोणी उरलेलं नाही."

"डॉक्टरला माझा कीबोर्ड दुरुस्त करता येतो का? मग गप बस."

चाळीस वर्षं ओसमोनबाबांनी डोंगरभर वीरांची गाथा गायली. सात महिन्यांपूर्वी झटका आला. आवाज गेला, अंग गेलं, एक बोट तेवढं उरलं. तेही दिवसभर घोंगडीवर कापायचं. आज मेंढ्यांमागून सगळं घर वरच्या कुरणावर निघालं होतं, आणि बाबा निघाले होते शहरातल्या वृद्धाश्रमात. जाण्याआधी एकदा बघू, म्हणून मेलिसनं वाचनालयातून झिपारला आणि तिच्या संगणकाला बोलावलं होतं. आम्हाला ओळखत असाल तर बटण दाबा, एवढंच बाबांना सांगायचं होतं. तीन दिवस झाले. विचारा, नका विचारू, तीच एकेक अक्षरं.

वाचनालयातली बारा म्हातारी यंत्रं झिपारनं लिनक्सवर जगवली होती. माउस अडला की गावाला तीच आठवायची. ती अशी हार मानते होय! तिनं पडद्यावर हुकूम द्यायची काळी खिडकी उघडली आणि कीबोर्डकडून आलेला प्रत्येक ठोका वेळेसकट दाखव, असं यंत्राला फर्मावलं.

ओळींचा लोंढाच सुटला. कीबोर्ड ठणठणीत होता, एकूण एक ठोका पोचत होता. गिळत होता तो पडद्यामागचा कारभार. झिपारनं जीभ चावली. एकाच बटणाचे घाईचे ठोके एकच धर, हे तीन दिवसांपूर्वी तिनंच त्याला सांगितलं होतं. कापऱ्या बोटानं पानं भरू नयेत म्हणून! भलं करायला गेली ती अशी.

तिनं ती अट काढली आणि सहज वेळांकडे बघितलं. सात ठोके. जराशी उसंत. सात. उसंत. आठ. पुन्हा सात.

कापरं कधी मोजून येतं का? तिनं गुडघ्यावर हात ठेवून तसंच वाजवून पाहिलं आणि अंगावर सरसरून काटा आला. आठ वर्षांची असताना तंबूत चुलीशी बसून तिनं हीच चाल ऐकली होती. तेव्हा बाबा ती मांडीवर वाजवायचे.

"मेलिस, अरे गातायत ते!"

"एजे, तुला वेड लागलंय."

तेवढ्यात बोट थांबलं. दहा सेकंदं. वीस.

"बघितलंस?" मेलिसनं विचारलं. "हे असं मधेच विझतात. डॉक्टरनं हेच लिहिलंय."

झिपारनं मागच्या ओळी वर सरकवल्या. दर तीस-चाळीस ठोक्यांनंतर तेवढीच शांतता, आणि मग पुन्हा सात. गाणारा कशासाठी थांबतो, हे या डोंगरात पोराटोरालाही ठाऊक असतं.

"बाली!" ती ओरडली. सगळा तंबू वाहवा करत ओरडायचा, अगदी तशी.

बोट उठलं. सात. सात. आठ. आधीपेक्षा जोरात.

पुन्हा शांतता आली. या वेळी झिपारनं तोंड उघडलं नाही. ती फक्त मेलिसकडे बघत राहिली.

"बाली..." तो पुटपुटला. "बाली, बाबा! बाली!"

बोट घोड्यासारखं उधळलं. पडदा अक्षरांनी भरून वाहू लागला.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. मेलिसनं बाहीनं डोळे पुसले आणि खिडकी ढकलली.

"परत जा भाऊ! म्हातारा गातोय माझा. सात महिने त्याला दादेसाठी ताटकळत ठेवलं आम्ही."