बायजाच्या कौलांवरचा अँटेना

चिमा रडतच घरी आली. "बायजाकाकूनं दार उघडलंच नाय," ती आईला म्हणाली.

विमलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या बायजाच्या कौलांवर दिवाळीत अँटेना चढला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत कामाला असलेल्या तिच्या भावानं तो लावून दिला होता. शनिवारी संध्याकाळी पिक्चरच्या वेळेला बायजा दार लोटून घ्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मशीन बिघडलंय." दर शनिवारी बरं बिघडायचं!

आणि इतकी वर्षं दर उन्हाळ्यात विमलबाईच्या परसातल्या आंब्याची पहिली पाटी बायजाच्याच घरी जायची.

"पोरगी लोकांच्या दारातनं रडत येती," जेवताना तिनं नवऱ्यापुढं टीव्ही घ्यायचा विषय काढला. "मला पाणवठ्यावर तोंड दाखवायची लाज वाटते."

सहदेव भात कालवत राहिला. "विकण्याजोगा तो एक आंबाच हाय," तो म्हणाला. "आज्यानं लावलेला हाय गं."

"मग आता आज्याला का पिक्चर बघायचाय?"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, पण शब्द मागं घेतला नाही.

फाल्गुनात कर्जतचा लाकूडवाला माणसं घेऊन आला. झाड मोहरानं भरलेलं होतं. दोन दिवस करवत चालली. मुंबईच्या कारखान्यांना माल भरायला खोकी लागतात, त्यात आंबा गेला. ते दोन दिवस विमलबाई परसात फिरकली नाही. तिला लाज वाटत होती, आणि झाडाची लाज वाटते हे सांगणार कुणाला?

चैत्रात काळापांढरा टीव्ही आला. पहिल्याच शनिवारी ओटी माणसांनी भरली. सावली गेल्यामुळं कौलं तापली होती, बाया पदरानं वारा घेत बसल्या. सगळ्यांत शेवटी बायजा मुलांना घेऊन दारात उभी राहिली.

"का गं, आजपण बिघडलं का तुमचं?" विमलबाईनं सगळ्यांदेखत विचारलं.

लोक हसले. बायजा खाली बघत कोपऱ्यात बसली.

पिक्चर संपला, माणसं पांगली. बायजा तेवढी मागं राहिली. विमलबाईला आता स्वतःचीच शरम वाटू लागली होती.

"रागावू नको गं," ती म्हणाली. "तुझ्याकडं टीव्ही आला नि आमी चारचौघांत कमी पडलो. म्हणून तर आंबा तोडला."

बायजानं दचकून तिच्याकडं पाहिलं.

"माझ्याकडं कुठं टीव्ही हाय, वैनी? नुसता अँटेना हाय, भावानं भंगारातनं आणलेला." ती म्हणाली. "तुमचा आंबा बघायला रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. आमच्या घराकडं कुणी मान वर करून बघत नव्हतं, म्हणून लावला."