मोकळं मनगट

महालक्ष्म्यांचे हात घडवायला धन्यांनी निजामाचा करोडगिरी नाका चुकवून सोलापूरहून प्लास्टर आणलं. साच्यासाठी हात मागितला तो माझा, धाकट्या बायकोचा.

"त्या बांगड्या फोड. मनगट मोकळं पायजे," म्हणाले.

मी उंबऱ्यावर हात आपटून खळाखळा फोडल्या, माझ्या सवतीला, इरम्माअक्काला ऐकू जाईल अशा. मग हाताला तेल चोळलं, तो प्लास्टरात घातला आणि घट्ट होईस्तोवर राणीवाणी बसून राहिले. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या थापांचा आवाज वाढत गेला, तसं मला लई गोड वाटलं.

हात सुरेख उठला. अक्कानं तो बघितला आणि तिला राहवलं न्हाय.

"दोन महालक्ष्म्यांना चार हात लागत्यात. त्यात माझा एक बी चालला नसता व्हय?"

धनी खाली बघत म्हणाले, "चालला असता की. पण तुला बांगड्या वाढव म्हणायला जीभ रेटंना."

मी माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं. मला 'फोड' म्हणताना ती जीभ जरासुदिक अडखळली नव्हती.