घरच्यांची बोली

"याला कॉफी म्हणायची? कोमट पाणी नुसतं," आर्डिस नवऱ्याजवळ कुरकुरली. ड्वेनचं लक्ष गाडीवर होतं. वारलेल्या हॅल्वर्सनची सत्तर सालची शेव्हेल, पन्नास वर्षांत जेमतेम चार हजार मैल धावलेली, त्याच्याच अंगणात लिलावाला उभी होती.

तिसऱ्या बोलीनंतर बाकीच्यांनी बोली सोडली. नेब्रास्काच्या त्या गावात मयताच्या घरचं कुणी बोली लावू लागलं, की शेजारी हात खाली घेत. मागून एक बारीक आवाज रक्कम वाढवत राहिला आणि ड्वेन एकटाच आपली नंबराची पाटी वर करत राहिला. शेवटी तो आवाज थांबला.

गाडी ड्वेनची झाली. एरवी बॉनेट उघडून डोकावणारे शेजारी सँडविचच्या टेबलाकडे वळले. किल्ली द्यायला हॅल्वर्सनची मुलगी जोलीन आली. ड्वेनने तिच्या हाताकडेच पाहिलं.

"मागून तू बोलत होतीस होय? मला कुठं दिसलीस गं."

"असू दे, काका. थंडीत लगेच सुरू होत नाही ती. जरा धीर धरा."

आर्डिसला राहवेना. "मागून तूच बोली लावतेयस, हे त्याला माहीत होतं, पोरी. मीच सांगितलं होतं. दोनदा."