चौदा नंबरची खाट

वहीकाकांना संगणक आला, तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं आठ महिने खिडकीमागची खुर्ची त्यांची. नाही आला, तर फाटकावर उभं राहून गाड्यांना हात दाखवायचे. हिशोब सरळ होता. म्हणूनच रुग्णालयातला हा सगळ्यात जुना नोंद-कारकून शिकवणीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

माउस त्यांनी तापलेल्या झाकणासारखा दोन बोटांत धरला. पहिल्या दिवशी प्रोग्रामऐवजी कॅल्क्युलेटर उघडला. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा डाव.

"काका, नोकरी जायच्या आधीच जुगार?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

तिसऱ्या दिवशी खाटेचं ते छोटं चित्र सापडलं. त्यावर दोनदा क्लिक नीट बसलं आणि बायकांच्या वॉर्डातल्या चौदा खाटा हिरव्यागार होऊन समोर आल्या.

"सरावच आहे," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "कुणालाही दाखल करा."

मोठ्या सिस्टरनी सासूबाईंना दाखल केलं.

"आजार?" मॅडमनी विचारलं.

"जिभेचा. प्लास्टर लिहू का?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. वहीकाकांचं लक्षच नव्हतं. ते एका बोटाने अक्षरं शोधत होते. बायकोचं नाव. वय बावन्न. खाट चौदा, खिडकीजवळची. बटण दाबलं आणि चौदा लाल झाली.

"काका, एकही चूक नाही!" मॅडमनी टाळी वाजवली. काकांची बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग काका रोज सकाळी झाडूवालीच्याही आधी येऊ लागले. प्रोग्राम उघडायचा, चौदावर जायचं, भरायचं. ताप: नाही. जेवण: घेतलं. झोप: शांत. दहा दिवसांत असा हात बसला की इतरांना अडलं की ते काकांना हाक मारू लागले.

शनिवारी मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून खरं काम. आपापल्या सरावाच्या खाटा मोकळ्या करा."

सिस्टरनी सासूबाईंना जड अंतःकरणाने घरी धाडलं.

"काका, तुमचं?"

"झालं," काका म्हणाले.

सोमवारी अकरा वाजता एक गवंडी बायकोला धरून खिडकीशी आला. चुन्याचे हातही धुतले नव्हते त्याने. तिला सातवा महिना होता, पोट धरून ती वाकली होती. नियम नवा होता: संगणकातून खाटेचा नंबर निघाल्याशिवाय चिठ्ठी नाही, चिठ्ठीशिवाय डॉक्टर नाहीत. तेरा खाटांवर तेरा बायका होत्या. चौदावी लाल होती.

"साहेब, जागा आहे ना?"

काकांनी चौदावर बाण नेला. खाट मोकळी करण्याच्या कारणांची यादी उघडली. बरी होऊन घरी. दुसरीकडे पाठवली. मृत्यू. तिन्हींतलं एक काहीतरी दाबायचं होतं, एवढंच. बोट खाली येईना.

"बसा तिथे बाकावर. बघतो."

यादी त्यांनी बंद केली. पुन्हा उघडली. पाच मिनिटांत करू म्हणता म्हणता पंधरा झाली, पंधराची चाळीस. गवंडी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तो खिडकीशीच उभा राहिला.

मोठ्या सिस्टर तरातरा आल्या. "काका, बाहेर ती बाई कळवळतेय आणि माझी चौदा सकाळपासून मोकळी पडलीय! कुणाला घातलंय तिथे?" त्यांनी वाकून नाव वाचलं. आवाज एकदम खाली आला. "अहो काका... काकू?"

"त्या दिवशी तिला खाट नव्हती, सिस्टर. तिच्या आधी दोघी आल्या होत्या. वहीत 'जागा नाही' असं मीच लिहिलं. माझ्या हाताने." काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "इथे मिळाली होती."

सिस्टरनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांच्या हाताखाली बाण 'बरी होऊन घरी'वर सरकला. चौदा हिरवी झाली. काकांनी गवंड्याच्या बायकोचं नाव घातलं, न अडखळता. चिठ्ठी बाहेर आली.

संध्याकाळी डॉक्टर गवंड्याला म्हणाले, "बाई वाचली. मूल नाही वाचवता आलं. अर्धा तास आधी हाती लागली असती, तर."

गवंडी खिडकीशी आला. काकांचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुम्ही जागा केलीत म्हणून निदान ती तरी राहिली."

काकांनी हात सोडवून घेतला नाही. ती चाळीस मिनिटं त्यांची होती. त्यांची किंमत मात्र त्या बाळाने भरली, ज्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं.