बिनतोटीचा नळ

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात उमादेवी लेकीकडं रोमला गेल्या होत्या. रोज शहर हिंडायच्या आणि दिसेल ती गंमत व्हिडिओ कॉलवर लातुरातल्या नवऱ्याला दाखवायच्या. पाठीवर दगडी खांब घेतलेला हत्ती, पडक्या देवळात लोळणारी मांजरं, आइस्क्रीम खात चाललेल्या चार नन. महादेवप्पा नुसतं "हाव, हाव" म्हणायचे.

एक दिवस रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी नळ धो धो वाहताना दिसला. उमादेवी लगबगीनं बंद करायला गेल्या, तर तोटीच सापडेना.

"आई, याला तोटी नसतेच. दिवसरात्र असाच वाहतो," लेक म्हणाली.

"आता फुडं जाऊ नको," फोनवरून महादेवप्पा म्हणाले. "तिथंच धर." दहा मिनिटं ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला. मागं ओट्यावर गल्लीतल्या सात-आठ बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. शेजारच्या नीलाबाईंनी फोन हातात घेतला.



"अक्का, त्यो नळ दावा की. टँकर यायला अजून घंटाभर हाय."