सोनटक्के सरांचा तक्ता

तक्त्याची नवी प्रत उतरवताना ज्योतीराम सोनटक्क्यांनी साडेआठच्या जागी नऊ लिहिले. बाकी एकही आकडा हलवला नाही.

दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी लोखंडात आटे पाडायचे, तर आधी साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते. नऊचे पाडले, तर आटे उथळ पडतात. बोल्ट बसल्यासारखा वाटतो आणि आवळताना सटकतो. फिटरकाम शिकवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे. जो न वाचता उतरवून घेईल, तो नऊसकट सापडेल.

चाकणजवळच्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सोनटक्के एकतीस वर्षे फिटरचे निदेशक होते. कोणत्या बोल्टला केवढे भोक लागते याचा तक्ता, कोणत्या धातूत ड्रिल कसे चालवावे, ते कुठे मोडते, तेल कधी सोडावे, हे सारे त्यांनी टिपांसह लिहून ठेवले होते. बारा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने त्यांतली तीन प्रकरणे स्वतःच्या नावाने छापली. तेव्हापासून कागद कपाटात होते आणि किल्ली खिशात.

वीजतंत्री विभागाच्या सादिका अत्तारने नऊ संस्थांसाठी इंटरनेटवर पाठांचा एक खुला संग्रह उभारला होता. कोणीही पाठ घ्यावा, आपल्या मुलांसाठी बदलावा, मूळ लेखकाचे नाव ठेवावे आणि बदललेली प्रत परत संग्रहात टाकावी, एवढाच नियम. वर्षभर ती सोनटक्क्यांच्या मागे लागली होती.

“दिल्यानं कमी होत नाही हो, सर.”

“कमी होत नाही, मॅडम. नाव बदलतं.”

“इथं तुमचं नाव राहणार.”

“नाव राहील, पण वाचणार कोण? सगळे उतरवून घेणारे. इकडून घ्यायचं, तिकडं फळ्यावर ओतायचं.”

“मग एकदा देऊन तर बघा.”

“देतो,” सोनटक्के म्हणाले. “बघतोच.”

नव्याने उतरवलेला तक्ता स्कॅन करायला सुजित जगताप बसला. तो सोनटक्क्यांच्याच हाताखाली शिकला होता आणि आठ वर्षे कंपनीत काढून याच संस्थेत निदेशक म्हणून परतला होता. आता तो शेजारची तुकडी सांभाळत असे.

“सर, कपाट उघडलंत! पेढे आणू का?”

“काम कर.”

बाहेरच्या आठ संस्थांकडे सोनटक्क्यांचे लक्ष होते. आपल्या संस्थेची काळजी नव्हती; इथली माणसे त्यांनी स्वतः घडवली होती.

चार महिन्यांनी चिंचवडला नऊ प्राचार्यांची बैठक ठरली. संग्रह पुढे चालवायचा की बंद करायचा, हे तिथे ठरणार होते. सोनटक्क्यांनी बोलण्यासाठी पंधरा मिनिटे मागून घेतली. नऊचा आकडा एकदा सर्वांसमोर दाखवला, की त्या संग्रहावर कोणी निदेशक पुन्हा विश्वास ठेवणार नव्हता. सादिकाची दोन वर्षांची मेहनत मातीमोल होणार, हेही त्यांना कळत होते. वाईट वाटत होते; पण वाईट वाटते म्हणून कोणी माप बदलत नाही.

ते तासभर आधीच पोहोचले.

“माझ्या तक्त्याच्या सगळ्या प्रती द्या. नऊही संस्थांच्या.”

सादिकाचा हात क्षणभर फाइलवरच राहिला. घाबरली, असे सोनटक्क्यांनी मनात नोंदवले.

पिंपरीची प्रत वर होती. माथ्यावर ‘मूळ लेखन : ज्यो. सोनटक्के’. दहाच्या बोल्टसमोर साडेआठ. त्यांनी दुसरी प्रत घेतली. साडेआठ. तिसरीत कोणी हिंदी शब्द जोडले होते, चौथीत बीडाच्या लोखंडाची जास्तीची टीप होती, पाचवीत सुबक आकृत्या होत्या. साडेआठ, साडेआठ, साडेआठ. आठव्या प्रतीला त्यांनी चष्मा पुसला.

“हे कोणी बदललं?”

“ज्यानं त्यानं, सर.” सादिका खाली बघत म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले. सरांचा हात चुकलाय, त्यांना सांगायचं कसं? मीच म्हटलं, आपापल्या प्रतीत दुरुस्त करा आणि गप्प बसा. एवढ्या ज्येष्ठ माणसाला चारचौघांत कशाला अवघडवायचं?”

“मला कोणी एक शब्द बोललं नाही.”

“बोललो असतो, तर पुढचं पान मिळालं असतं का?”

सोनटक्क्यांनी प्रती नीट जुळवल्या. आठ अनोळखी माणसांनी त्यांचे लेखन ओळन्ओळ वाचले होते, तपासले होते, आणि त्यांची अब्रूही राखली होती. पंधरा मिनिटांत काय बोलायचे, ते त्यांनी मनातल्या मनात नव्याने मांडले. आधी स्वतःची लबाडी सांगायची. मग उरलेली सारी प्रकरणे संग्रहाला देऊन टाकायची.

“मॅडम, तुमचा संग्रह बंद होणार नाही,” ते म्हणाले. “मी बोलतो.”

सादिकाने चमकून वर पाहिले आणि ती प्रथमच हसली.

“आठच झाल्या या. नववी?” सोनटक्क्यांनी विचारले.

“आपल्याच संस्थेची, सुजित सरांची. काल संध्याकाळी टाकली त्यांनी. मी नुसती छापून आणलीये, वाचायला वेळच झाला नाही.” ती फाइलमध्ये शोधू लागली. “ते आज यायचे नाहीत. वीस मुलांना घेऊन महाळुंग्याला गेलेत. कंपनीची निवड चाचणी आहे, दहालाच सुरू झाली. भोक पाडून आटे पाडायचेत. महिनाभर तुमचा तक्ता पाठ करून घेतलाय मुलांकडून.”

साडेदहा वाजले होते. सोनटक्क्यांनी प्रत हातात घेतली.

दहाच्या बोल्टसमोर नऊ होते. समासात सुजितच्या वळणदार अक्षरात सूचना होती : ‘पुस्तकात साडेआठ दिले आहे. सोनटक्के सरांनी नऊ लिहिले आहे. मुलांनी पुस्तकातला आकडा खोडावा.’